घरात असावीत अशी काही ख्रिस्ती पुस्तके

प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलांना पुस्तक भेट देण्याची प्रथा आपल्या अनेक धर्मग्रामांत आहे आणि ती स्तुत्यच आहे. मात्र त्या पुस्तकांचे पुढे काय होते, याचा शोध घेतला तर फारसे समाधान होत नाही. चकचकीत मुखपृष्ठाचे संतचरित्र शोकेसमध्ये जपमाळेच्या डबीशेजारी जाऊन बसते आणि मुलाच्या दृढीकरणापर्यंत तेथेच राहते. मुले वाचत नाहीत, अशी पालकांची तक्रार असते. आमच्या मते थोडा दोष पुस्तकांकडेही जातो.

या चरित्रांतील संत बहुधा पाळण्यातच संत असतो. तो बहिणीशी भांडत नाही, खोटे बोलत नाही, प्रार्थनेच्या वेळी त्याला झोप येत नाही. असा मुलगा वर्गात असता, तर त्याच्याशी कोणी मैत्री केली नसती. वाचणाऱ्या मुलाला एवढेच कळते की, हे आपले काम नव्हे. ज्या पवित्र ग्रंथातून ही परंपरा निघाली, तो मात्र असा हात राखून लिहिलेला नाही. याकोब करडांची कातडी हाताला गुंडाळून आंधळ्या बापाला फसवतो, दावीद राजा उरीयाचा घात करतो, आणि पेत्र शेकोटीजवळ एका दासीला घाबरून प्रभूला नाकारतो. मुलांसाठी गोष्टी निवडताना हे प्रसंग गाळण्याकडे आपला कल असतो आणि नेमके तेथेच मुलांचे लक्ष सुटते.

संत ऑगस्टीन यांचे आत्मनिवेदन सोळाशे वर्षांपूर्वीचे. ते पंडितांसाठी आहे, असा समज आहे. दहाव्या व अकराव्या भागांतील स्मृती आणि काळ यांविषयीचे चिंतन खरोखरच कठीण आहे. ते वगळले तरी चालेल. परंतु पहिले दोन भाग एखाद्या आईने आपल्या बारा वर्षांच्या मुलाला गोष्टीसारखे सांगून पाहावेत. शाळेत मार बसू नये म्हणून देवाकडे गाऱ्हाणे घालणारा आणि मोठी माणसे त्यावर हसतात म्हणून दुखावणारा मुलगा तेथे भेटतो. पुढे तोच सोबत्यांबरोबर शेजारच्या झाडाची नाशपाती चोरतो. भूक नसते, घरी याहून चांगली फळे असतात, चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली जातात. चोरी केली ती केवळ चोरीच्या गोडीसाठी, असे एक बिशप लिहून ठेवतो! आपल्याकडच्या वाडीतील आंबे-पेरूंचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा संत परका वाटणार नाही.

मराठीत या जातीचा सच्चेपणा आम्हांला सर्वाधिक आढळतो तो लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त. १९३४ पासून हा ग्रंथ चार भागांत प्रसिद्ध झाला. मराठीचे प्राध्यापक तो शिकवतात, स्त्रियांच्या लेखनाचे अभ्यासक तो वाखाणतात. ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र तो श्रद्धेचा ग्रंथ म्हणून क्वचितच हाती घेतला आहे. फेब्रुवारी १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. वडिलांच्या कडक सोवळ्यात वाढलेली ही बाई. पुढे ती पतीच्या घरी परतली, तरी पाणी व स्वयंपाक वेगळा ठेवून राहिली. तिचे परिवर्तन एका क्षणात, विजेसारखे झालेले नाही. घागर, चूल, शिवाशिव अशा रोजच्या गोष्टींतून ते पुढे सरकते. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिला पडतो आणि उत्तर सापडल्यावर ती ते आधी स्वतःच्या वागण्यात आणून पाहते. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला, तो या सगळ्यानंतर.

दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. टिळकांचे चित्र काढताना लक्ष्मीबाई त्यांना देव्हाऱ्यात बसवीत नाहीत. त्यांचा संताप, विसराळूपणा, घरात पैसा नसताना तो दुसऱ्याला देऊन मोकळे होण्याची सवय, हे सर्व त्या हसत हसत सांगतात. या हसण्यामुळे टिळकांविषयीचा आदर कमी होत नाही, उलट वाढतो. मागे सोडलेल्या माणसांविषयीही त्यांच्या लेखणीत कडवटपणा नाही. सासर-माहेरची मंडळी, त्यांचे व्रतवैकल्य, त्यांचे रुसवे, सारे मायेने येते. हिंदू शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा सूर शिकण्यासारखा आहे. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट होते म्हणून कोणी मागे पाहत असेल, तर तो संकोच आता सोडावा. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण खरे सांगायचे तर, 'स्मृतिचित्रां'च्या बोलत्या गद्यानंतर ते काव्य आम्हांला काहीसे दूरचे वाटते.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'विषयी आपल्याकडे अभिमान पुष्कळ, वाचन थोडे. या इंग्रज येशूसंघीयाचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. देवनागरीत ते शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली आणले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या व्याख्यानांतून वारंवार ऐकू येतात. त्यांच्यापुढे कोणी जात नाही. याचे एक कारण असे की, आपण ते कादंबरीसारखे डोळ्यांनी वाचू पाहतो आणि जुन्या शब्दांना अडखळतो. ओवी कानासाठी असते. घरातील एकाने मोठ्याने म्हणावी, इतरांनी ऐकावी, अडलेला शब्द सोडून द्यावा, अर्थ मागून येतो. आरंभ दुसऱ्या पुराणापासून केलेला बरा, कारण ख्रिस्तचरित्र तेथे आहे आणि कथा ओळखीची असल्याने भाषेचे ओझे हलके होते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या, देवनागरी वाचताना चाचपडणाऱ्या मुलांनाही ऐकण्याची वाट मोकळीच आहे.

बायबलच्या बाबतीत निवड सोपी झाली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली आले, आणि त्यातील नव्या कराराच्या अनुवादासाठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आजची मराठी वाचणाऱ्याला ते अडत नाही. जाडी पाहून घाबरू नये. मार्ककृत शुभवर्तमान एका संध्याकाळी वाचून होते.

अगदी लहानांसाठी काय? टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात, त्यांच्या कविता आहेतच. गोष्टींत आम्ही ऑस्कर वाईल्डची १८८८ सालची स्वार्थी राक्षसाची गोष्ट सुचवू. बागेभोवती भिंत घालणारा राक्षस, तेथे अडकून पडलेला हिवाळा आणि अखेरीस तळहातांवर जखमा घेऊन आलेले ते लहान मूल. ते कोण, हे लेखक सांगत नाही. मूल स्वतः विचारते किंवा ओळखते, आणि तेवढ्यात पुष्कळ धर्मशिक्षण होऊन जाते. मोठ्यांनी मध्येच उलगडा करू नये. (ज्यांना वाईल्डच्या चारित्र्याची धास्ती वाटते, त्यांच्या माहितीसाठी : मरणापूर्वी १९०० साली त्याला कॅथोलिक चर्चमध्ये सामावून घेण्यात आले होते.)

बारा ते सोळा वर्षांच्या वाचकासाठी मात्र आमच्या मराठी यादीत मोठी फट आहे. वसईच्या वाडीतील, कोळीवाड्यातील किंवा मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातील ख्रिस्ती मुलगा, त्याचे मित्र, मिस्सेला जाण्याचा कंटाळा, आजीच्या अंत्यविधीनंतर त्याला पडलेले प्रश्न, हे सारे उपदेश बाजूला ठेवून सांगणारी कादंबरी आमच्या पाहण्यात नाही. धर्मग्रामांतून दरवर्षी संतांच्या जीवनावर निबंधस्पर्धा होतात. एखाद्या वर्षी ते बक्षीस अशा कथेसाठी ठेवून पाहावे, आणि परीक्षक म्हणून त्याच वयाची दोन मुले बसवावीत.