दगडूची साक्ष

'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा मी मराठवाड्यातल्या एका वसतिगृहात राहून बी. ए. करीत होतो. सगळ्या वसतिगृहात एकच प्रत होती. ती खोलीखोलीतून फिरत माझ्यापर्यंत आली तेव्हा तिचे मुखपृष्ठ गळून पडले होते. आज मी निवृत्त प्राध्यापक आहे. नावावर चार पुस्तके आहेत, त्यांतल्या एकाला पुरस्कार आहे, शहरात तीन खोल्यांचे घर आहे. नवी मुले-मुली हस्तलिखित घेऊन येतात आणि म्हणतात, "सर, बघा जरा." या 'बघा जरा'विषयी मला लिहायचे आहे. छापून आलेल्या शब्दाची चिकित्सा आपण समीक्षकांनी पुष्कळ केली. तो छापला जाण्यापूर्वी त्याच्यावर आपलाच हात कसा फिरतो, याची मात्र केली नाही.

प्रथम 'बलुतं'विषयी. या पुस्तकात दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. दोघे एकच. एक जन्मनावाचा, गावकुसाबाहेरचा, कावाखान्यातला. दुसरा शिकलेला, नोकरीतला, कवी म्हणून नाव झालेला. या योजनेकडे आपण निवेदनतंत्र म्हणून पाहिले आणि पुढे गेलो. मला आता ते तंत्र वाटत नाही. ज्याला यश मिळाले त्याला इथे ऐकणाऱ्याच्या जागी बसवले आहे, आणि जो मागे राहिला तो साक्ष देतो आहे. पांढरपेशा माणसाचे आत्मचरित्र बहुधा जिना असते. खालच्या पायरीवरून निघून वरच्या पायरीवर उभे राहून लिहिलेले. 'बलुतं'मध्ये असा जिना नाही. दगडू केवळ गावाचे आणि समाजव्यवस्थेचे अपराध सांगत नाही. स्वतःच्या बायकोवर घेतलेला संशय आणि तिच्यावर केलेला अन्यायही तो सांगतो. दया पवारांना हा भाग गाळता आला असता. तो गाळला असता तरी पुस्तकाचे कौतुक झालेच असते, कदाचित अधिक झाले असते.

आपल्यातलेच काही लोक त्या वेळी रागावले होते. घरातला उकिरडा चव्हाट्यावर का आणला, असा त्यांचा सवाल होता. हा राग अगदीच पोकळ नव्हता. पांढरपेशा वाचक आपल्या दुःखाकडे नवलाईने पाहत होता, चुकचुकत होता आणि पान उलटत होता. पण म्हणून झाकून ठेवावे, हे उत्तर होत नाही. झाकण्याचे काय होते ते बाबुराव बागुलांनी त्याआधी पंधरा वर्षे, १९६३ साली, 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत सांगून ठेवले होते. उधन्याला रेल्वेच्या नोकरीवर आलेला तिचा निवेदक जात लपवतो. मान मिळतो, खोली मिळते, त्याच्या कवितेवर लोभावलेला मित्र मिळतो. पण या मानातला कणसुद्धा त्याचा स्वतःचा नसतो. चोरी उघडकीला येते तेव्हा मार बसतो, आणि सोडवायला येतो तो काशिनाथ सकपाळ. आपण महार आहोत हे पहिल्या दिवसापासून सांगून, त्याचा सगळा त्रास सोसून उभा राहिलेला काशिनाथ! या कथेवर बोलताना आपण निवेदकाची घुसमट फार रंगवतो. काशिनाथाची किंमत करीत नाही. कवितेचे भान निवेदकाजवळ आहे, पण आधार द्यायची ताकद काशिनाथाजवळ आहे. ती ताकद त्याला कोठून आली, हा प्रश्न कथेने आपल्यापुढे टाकला आहे.

आग्र्याच्या सभेत, १८ मार्च १९५६ रोजी, शिकलेल्यांनी आपली निराशा केली ही खंत बाबासाहेबांनी जाहीरपणे बोलून दाखवली. हे भाषण आमच्या प्रत्येक शिबिरात निघते. मीही ते पन्नास वेळा सांगितले असेल. सांगताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी कोणी अधिकारी असे, कोणी अभियंता असे, आडनाव बदलून सोसायटीत राहणारा कोणी असे. शिकवणारा, लिहिणारा, मार्गदर्शन करणारा मी त्या यादीत कधीच नसे.

माझे नाव त्या यादीत घालणारी घटना पाच वर्षांपूर्वी घडली. एक विद्यार्थिनी दीडशे पानांचे हस्तलिखित घेऊन आली. वडील एस. टी.त वाहक, आई अंगणवाडीत. लेखनात होते काय? शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी घातलेल्या खेपा, वसतिगृहातल्या मैत्रिणींची बोलता बोलता आडनाव विचारण्याची रीत, भाड्याची खोली शोधताना "नॉनव्हेज करता का?" या प्रश्नामागचा खरा प्रश्न. आणि घरातही मुलगी म्हणून तिला मिळणारा दुय्यमपणा. मी लाल शाई घेतली. आजीची बोली आली तिथे प्रमाण मराठी केली. वडिलांविषयीचे कडू वाक्य खोडले. म्हटले, चळवळीला हे परवडत नाही. शेवटी समासात लिहिले, 'भूक कुठे आहे? गाव कुठे आहे? महारवाड्याचे एक प्रकरण सुरुवातीला हवे.'

तिने पाने चाळली. मग म्हणाली, "सर, ती भूक तुमची आहे. माझ्या आई-वडिलांनी मला उपाशी ठेवलं नाही. मी कशी लिहू?"

मी तेव्हा पुष्कळ बोललो. परंपरा, बांधिलकी, समूहाचे दुःख. सगळे शब्द बरोबर होते. ती हस्तलिखित घेऊन गेली आणि मी घरी येऊन बायकोला म्हणालो, या पिढीला झळ नाही. झळ नाही! दीडशे पानांतून ती झळच तर लिहीत होती. फक्त ती माझ्या ओळखीची नव्हती.

मग माझ्या ध्यानात आले की मी तिला जात चोरायलाच सांगत होतो. बागुलांचा निवेदक खालची जात लपवून वरचा मान घेतो. मी तिला तिचे आजचे जिणे लपवून कालच्या दुःखाचा मान घ्यायला सांगत होतो. कारण त्या दुःखाला आता बाजारात मान आहे, अभ्यासक्रमात जागा आहे, पुरस्कार आहे. माझा पुरस्कार त्यावरच मिळालेला. 'बलुतं'ची झालेली नक्कल ही दया पवारांची चूक नव्हे. ती आम्हा मागून आलेल्यांची आहे. आम्ही दगडूचा साचा केला आणि त्यात दरवर्षी एक नवा मुलगा ओतला.

याचा अर्थ नवोदितांच्या लेखनावर बोट ठेवू नये असा नाही. कच्चे लेखन 'आपल्या माणसाचे' म्हणून डोक्यावर घेणे हाही एक प्रकारचा तुच्छभाव आहे. सैल वाक्य सैल आहे हे सांगितलेच पाहिजे. परंतु सैल काय आणि माझ्याहून वेगळे काय, हे ओळखायला मार्गदर्शकाजवळ स्वतःचा दगडू शाबूत असावा लागतो.

बेबीताई कांबळ्यांचे उदाहरण मला इथे फार मोलाचे वाटते. फलटणला दुकान चालवता चालवता त्या लिहीत होत्या, घरच्यांना कळू न देता, वर्षानुवर्षे. मॅक्सिन बर्नसन या फलटणला राहिलेल्या अमेरिकन विदुषींना त्याचा पत्ता लागला. त्यांच्या आग्रहाने ते लेखन 'स्त्री' मासिकातून बाहेर आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. जिला आपल्या जातीचा अनुभव असणे शक्य नव्हते, तिने ते वाचून पुढे जाऊ दिले. पुस्तकात 'आम्ही' आहे. त्याचा 'मी' झाला नाही. नवऱ्याचा मार मात्र त्या पुस्तकात नाही. तो बेबीताईंनी पुढे, इंग्रजी अनुवादाच्या निमित्ताने झालेल्या मुलाखतीत सांगितला. कोणी म्हणेल, मग हे लेखन प्रामाणिक कसे? मला वाटते, काय केव्हा सांगायचे हे त्यांचे त्यांनी ठरवले. माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांविषयीचे वाक्य मी खोडले, तिने नव्हे. एवढा हा फरक.

आणि बेबीताई लिहून थांबल्या नाहीत. निंबुऱ्याला त्यांनी मागासवर्गीय मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली. तिथल्या मुलांच्या वह्या कोणी कशा तपासल्या असतील, असा विचार अलीकडे माझ्या मनात येतो.

त्या मुलीला मी पत्र लिहिले. खोडलेले वाक्य जसेच्या तसे ठेव, एवढेच त्यात होते. क्षमा मागायचे धाडस दुसऱ्या पत्रात झाले. दोन्हींचे उत्तर आले नाही. गेल्या दिवाळीत तिचे खोली शोधण्याचे प्रकरण एका अंकात छापून आले. आजीची बोली तशीच आहे. एका ठिकाणी माझी दुरुस्ती राहून गेली आहे आणि तेवढे वाक्य मेलेले आहे. तिचे पुस्तक आता होत आहे असे कळते. प्रस्तावना तिने माझ्याकडे मागितलेली नाही. पुस्तक आले की परीक्षण मात्र मी लिहिणार आहे, आणि त्यात लाल शाईचा उल्लेख राहील.