'देवमाणूस' : उपऱ्या डॉक्टरचे चित्रण आणि गावाची जबाबदारी

बाहेरून गावात येऊन स्थिरावणारी व्यक्ती हा मराठी कथनपरंपरेला नवा विषय नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) मधील तरुण मास्तराला माणदेशातील धनगरवाडी आधी जोखते. शाळा भरवून, लोकांची कामे अंगावर घेऊन, तालीम उभारून त्याला विश्वास मिळवावा लागतो. झी मराठी वाहिनीवरून ऑगस्ट २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात प्रसारित झालेल्या 'देवमाणूस' या मालिकेत हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. येथे विश्वास आधीच तयार आहे. उपरा माणूस फक्त त्याचा लाभ घेतो.

सातारा जिल्ह्यात वाई परिसरात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याप्रकरणाशी या मालिकेचे नाते सर्वज्ञात आहे. तिचा नायक (खलनायक म्हणणेच अधिक योग्य) डॉ. अजितकुमार देव हा पदवी नसलेला कंपाउंडर आहे. तरीही गाव त्याला 'देवमाणूस' म्हणते. किरण गायकवाड यांनी ही भूमिका आवाज न चढवता, अदबीने आणि काहीशा ओशाळ्या नम्रतेने उभी केली आहे, व मालिकेचे खरे बळ त्या नम्रतेतच आहे. गावाला बंगल्यातला डॉक्टर नको असतो, हाकेला धावून येणारा हवा असतो. नोंदणीविना वैद्यकीय व्यवसाय करण्यास महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु मध्यरात्री दार उघडणाऱ्याकडे प्रमाणपत्र कोण मागणार? ही अगतिकता पूर्वार्धात मार्मिकपणे टिपली गेली आहे. म्हणींच्या आधारे सर्वांना फटकारणारी सरू आजी हा त्यातील अस्सल ग्रामीण स्वर होय.

सोलापूरच्या वाचकाला येथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेही परमुलखात गेलेले उपरे डॉक्टरच होते. मात्र चीनमधील लोकांनी त्यांना जे स्थान दिले, ते युद्धभूमीवरील रुग्णसेवा पाहून दिले.

खरा आक्षेप उत्तरार्धाबाबत आहे. अजितकुमार हा मूळचा परप्रांतीय 'देवीसिंग' असल्याचे उघड होताच कथेतील नैतिक ओझे हलके होते. पाप बाहेरून आले, गाव केवळ फसले, अशी सोयीस्कर मांडणी तयार होते. वास्तविक अशा गुन्ह्यांत बळी पडणाऱ्या स्त्रिया बेपत्ता झाल्यावर 'गेली असेल कुणाबरोबर' एवढ्या एका वाक्यावर त्यांचा शोध थांबतो, आणि ते वाक्य कोणा परप्रांतीयाचे नसते. मालिकेला हे ठाऊक आहे. पण त्यावर ती थांबत नाही. उलट अनेक बळी स्त्रियांच्या वाट्याला प्रेमाचा वा दागिन्यांचा मोह देऊन त्यांच्या मृत्यूला ती जणू कारण पुरवते. मारेकऱ्याला एकान्तातील दृश्ये मिळतात, चेहऱ्यावर रेंगाळणारा कॅमेरा मिळतो. मृत स्त्रीच्या घरातील रिकाम्या जागेसाठी मात्र भागात वेळ उरत नाही.

दैनंदिन मालिकेला रोजचा प्रेक्षक टिकवावा लागतो, हे मान्य केले तरी हा दोष केवळ माध्यमाच्या माथी मारता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दुसरे पर्व आले, जून २०२५ मध्ये 'मधला अध्याय' सुरू झाला. प्रत्येक वेळी परत आला तो मारेकरीच.