हुबेहूब कोणासाठी?

दुर्ग-पुनर्बांधणीच्या आपल्याकडच्या चर्चा बहुधा एका हळहळीपाशी थांबतात : मूळ नकाशे मिळाले असते तर! जपानमधल्या नागोया शहराकडे ते आहेत. तोकुगावा इएयासूच्या आज्ञेने बांधलेला आणि १६१२ मध्ये पुरा झालेला तिथल्या किल्ल्याचा मुख्य मनोरा १४ मे १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाला. पण १९३२ पासूनच त्याची मोजणी सुरू झाली होती. रेखाटने आहेत, काचेवर घेतलेली छायाचित्रे आहेत. आणि तरीही वाद मिटलेला नाही.

१९५९ मध्ये नागरिकांच्या देणग्यांचा हातभार घेऊन शहराने तो काँक्रीटमध्ये उभा केला. आत लिफ्ट बसवली. भूकंपात धोका म्हणून मे २०१८ मध्ये तो बंद झाला. आता तो पाडून लाकडी बांधायचा आणि त्यात लिफ्ट नको, असा तत्कालीन महापौर ताकाशी कावामुरा यांचा आग्रह. कारण मुळात ती नव्हती. पुढे लहान उचलयंत्राचा पर्याय निघाला, तर ते कितव्या मजल्यापर्यंत न्यायचे यावर वाद. २०२३ मध्ये शहरानेच भरवलेल्या सभेत लिफ्ट मागणाऱ्या व्हीलचेअरवरच्या माणसाला श्रोत्यांतून अपमानास्पद बोल ऐकावे लागले. महापौरांना माफी मागावी लागली.

मला हा आग्रह प्रामाणिक वाटत नाही. आग आणि भूकंप यांसाठीची आजची व्यवस्था लाकडी मनोऱ्यातही करावीच लागेल. विजेचे दिवेही लागतील. त्यांनी अस्सलपणा बाटत नाही, लिफ्टने मात्र बाटतो! मग रेघ ओढली जाते ती वास्तूत नव्हे, माणसांत. त्याच आवारातला, त्याच दिवशी जळालेला होनमारू राजवाडा २०१८ मध्ये लाकडातच पुरा झाला, आणि तिथे व्हीलचेअर आत जाते. तो एकमजली आहे, हे खरे. पण कोणी त्याला खोटा म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

शिवाय काँक्रीटचा मनोराही आता साठीपार झाला. बेचिराख शहराने पैसे जमवून तो बांधला, हाही इतिहासच.

खरे जुने उरले आहे ते खालचे दगडी जोते. काँक्रीटचा भार त्यावर नाही. मनोरा आतल्या स्वतंत्र पायावर उभा आहे. तो उखडताना भोवतीचे दगड कसे सांभाळणार, हे तज्ज्ञ विचारत आले आहेत. सभेत आवाज चढला तो मात्र लिफ्टवर.