न आलेले बिल

स्वावलंबी व निसर्गानुसारी जीवनाचा पुरस्कार करणारे वाङ्मय मराठीत आता थोडे राहिलेले नाही. अमेरिकन विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो ह्याचे ‘वॉल्डन’ दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ ह्या नावाने मराठीत आणले. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या लेखणीने ते आणावे, ह्यात एक औचित्यही होते. पुढे दिलीप कुलकर्णी ह्यांनी दापोली तालुक्यातील कुडावळे ह्या गावी वास्तव्य केले आणि ‘निसर्गायण’, ‘दैनंदिन पर्यावरण’ ही पुस्तके व ‘गतिमान संतुलन’ हे नियतकालिक ह्यांतून साध्या राहणीचा विचार घरोघरी पोहोचविला. आपल्याला नेमके किती लागते, हा प्रश्न ह्या वाङ्मयाने मध्यमवर्गीय वाचकाला विचारावयास लावला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्याची पारख कोणत्या कसोटीवर करावयाची? ह्या लेखात आम्ही प्रामुख्याने ‘वॉल्डन’चा विचार करणार आहोत, कारण ती कसोटी त्याच पुस्तकात आम्हांला सापडली.

हे पुस्तक आम्ही वाचतो ते कामोठ्यातील एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. सज्जात चार कुंड्या आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांत मेथी पेरली आणि दोन वेळच्या भाजीपुरती ती आलीही. घरात मोठे कौतुक झाले. मग आमच्या धाकट्या मुलीने सहज विचारले, “बाबा, ही माती कुठून आणली?” माती गोणीतून विकत आणली होती. कुंड्या, बियाणे, खत, सारे विकतच होते. पाणी नळाचे होते. आमचे स्वावलंबन एवढेच की पाणी आम्ही स्वतःच्या हाताने घातले! ह्या प्रश्नाने ओशाळून आम्ही थोरोकडे पुन्हा वळलो.

४ जुलै १८४५ रोजी थोरो काँकर्ड गावाजवळील वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहावयास गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ पर्यंत तेथे राहिला. पुस्तक १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले व सर्वांत दीर्घ प्रकरण अर्थव्यवहारावर आहे, आणि त्यात झोपडीचा खर्च अर्ध्या सेंटपर्यंत मांडलेला आहे : २८ डॉलर साडेबारा सेंट. एवढ्या थोडक्यात घर होते, हे वाचून आमच्यासारखा गृहकर्जाचे हप्ते फेडणारा वाचक हरखून जातो. परंतु जमाखर्च जितका बारकाईने मांडलेला, तितकाच तो बारकाईने तपासला पाहिजे.

झोपडीचे काम सुरू झाले ते उसन्या कुऱ्हाडीने. कुऱ्हाड परत करताना ती अधिक धारदार करून दिली, असे थोरो सांगतो आणि आपण हसतो. जमीन त्याचा मित्र इमर्सन ह्याची होती. आणि भिंतींच्या फळ्या? त्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराच्या होत्या. हा कॉलिन्स फिचबर्ग रेल्वेवर काम करीत असे. त्याची खोपी थोरोने सव्वाचार डॉलरला विकत घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता ती रिकामी करून मिळावी, असे ठरले. सहाच्या सुमारास ते कुटुंब त्याला वाटेत भेटले. त्यांचा सारा संसार एका मोठ्या गाठोड्यात मावला होता : अंथरूण, कॉफीचे जाते, आरसा, कोंबड्या. मांजर तेवढे मागे राहिले. ते कुटुंब पुढे कोठे गेले, हे पुस्तक सांगत नाही. साधेपणाच्या ह्या जगप्रसिद्ध घराच्या भिंती दुसऱ्याच्या उठलेल्या बिऱ्हाडाच्या होत्या.

दुसरी नोंद आणखी बोलकी आहे. पहिल्या काही महिन्यांचा खर्च देताना थोरो म्हणतो की धुणे व कपड्यांची डागडुजी बहुतांशी बाहेर झाली आणि त्यांची बिले अद्याप आलेली नाहीत. आमच्या मते ‘वॉल्डन’मधील हे सर्वांत प्रामाणिक वाक्य होय, आणि सर्वांत दुर्लक्षितही. कारण ते बिल निसर्गजीवनाच्या बहुतेक पुस्तकांत येतच नाही. घरचा कर्ता पुरुष असे पुस्तक वाचून ठरवितो की उद्यापासून मैद्याचा पाव नको, ज्वारी-नाचणीच्या भाकऱ्या हव्यात, मसाला पाट्यावर वाटलेला हवा, साबण-शाम्पूऐवजी रिठा-शिकेकाई हवी. विचार उत्तम आहे. परंतु सकाळची गाडी गाठण्यासाठी खांदेश्वर वा मानसरोवर स्थानकाकडे धावणाऱ्या गृहिणीने भाकऱ्या थापावयाच्या केव्हा आणि पाट्याशी बसावयाचे केव्हा? आमच्या घरी हा प्रयोग तीन आठवडे चालला. तो का संपला, हे पत्नीने शब्दांत सांगितले नाही. एका रात्री पाटा पुन्हा माळ्यावर गेलेला दिसला, एवढेच.

तिसरा प्रसंग जॉन फील्डचा. हाही आयरिश. पत्नी व मुलाबाळांसह एका गळक्या खोपीत राहणारा, शेजारच्या शेतकऱ्याचे दलदलीचे कुरण एकरी दहा डॉलरने खणून देणारा. पावसात आसऱ्याला आलेला थोरो त्याला उपदेश करतो : चहा, कॉफी, लोणी, दूध, मांस सोडा, म्हणजे ते मिळविण्यासाठी एवढे राबावे लागणार नाही. तर्क निर्दोष आहे. परंतु बोलणारा एकटा आहे, त्याच्यामागे मुले नाहीत, आणि ऐकणारा परदेशात पोट भरावयास आलेला आहे. उपदेश पटला नाही, तेव्हा थोरोची लेखणी त्या कुटुंबाची थट्टा करते. येथे लेखक म्हणून तो उणा पडतो. दारिद्र्य स्वीकारणारा आणि दारिद्र्य वाट्याला आलेला, ह्या दोघांची भाकर सारखी दिसली तरी तिची चव निराळी असते, हे त्याला उमगत नाही.

आणि म्हणूनच ही पुस्तके कामोठ्यात वाचताना मन अडखळते. खाडीकाठच्या ह्या पट्ट्यात भात, मीठ व मासळी ह्यांवर संसार चालत. खारजमिनीचे बांध गाव मिळून राखीत असे. त्या जीवनाला कोणी ‘निसर्गानुसारी’ असे नाव दिले नव्हते आणि त्यात कष्ट, कर्ज व आजारही होते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेचा मार्ग खुला झाला. शहर सोडून मातीकडे जाणाऱ्यांवर मराठीत आदराने लिहिले गेले. ज्यांची मातीच शहर झाली, त्यांच्या स्वयंपूर्णतेचा हिशेब ह्या वाङ्मयात आम्हांला आढळत नाही. आमची सदनिका त्याच जमिनीवर उभी आहे. कॉलिन्सच्या फळ्या आमच्याही भिंतींत आहेत.

मग हे वाङ्मय त्याज्य मानावे काय? मुळीच नाही. त्याची एकवचनी क्रियापदे मात्र अनेकवचनी करावी लागतील. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ६६व्या प्रकरणात तो सांगतो की पाणी, गिरणी, बाग व निरनिराळे हस्तव्यवसाय शक्यतो मठाच्या आवारातच असावेत. ही स्वयंपूर्णता एकट्याची नाही. तेथे स्वयंपाकाची पाळी आळीपाळीने येते आणि धुण्याचे बिल कोणा अनामिकाच्या नावावर राहत नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरने आमच्याच पनवेल तालुक्यात तारा येथे तेलघाणी, साबण, कुंभारकाम असे ग्रामोद्योग उभे केले. त्याचे संस्थापक डॉ. जी. जी. पारीख ह्यांचे २ ऑक्टोबर २०२५ रोजी निधन झाले. त्यांच्या कार्यात स्वावलंबनाचा अर्थ शेजाऱ्याच्या हाताला काम, असा होता.

तेव्हा सुज्ञ वाचकांस आमची विनंती एवढीच. निसर्गजीवनावरील पुस्तक जरूर वाचावे, आणि वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत : जमीन कोणाची, फळ्या कोणाच्या, धुणे कोणाचे? ज्या पुस्तकात ह्यांची उत्तरे आहेत, ते थोर. ज्यात निदान बिल आले नसल्याची कबुली आहे, तेही वाचनीय. थोरोचे पुस्तक ह्या दुसऱ्या वर्गातील आहे आणि म्हणूनच ते आजही टिकून आहे.

आमच्या सज्जात ह्या वर्षी पुन्हा मेथी आहे. जुडी बाजारातल्यापेक्षा महागच पडते. निवडावयास मात्र आता आम्ही बसतो.