भाड्याची जागा आणि आज्ञावलीचा कारभार

विद्यापीठांचे विभाग आपले शब्दसंग्रह व सूची महाजालावर आणू लागले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यासाठी होस्टिंग निवडताना लावली जाणारी कसोटी तपासून पाहिली पाहिजे. बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात: जागा किती आणि दर किती. केवळ सिद्ध पृष्ठे ठेवावयाची असती तर एवढे पुरते. कोशात मात्र वाचकाने शब्द विचारावा आणि यंत्राने तो शोधून द्यावा, अशी अपेक्षा असते. हे काम सर्व्हरवरील आज्ञावली करते. तेव्हा ती कशी चालवली जाते, हाच मुख्य प्रश्न ठरतो.

पीएचपीचे उदाहरण घेऊ. प्रारंभीच्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू होई. काम संथ चाले. पुढे अपाची सर्व्हरच्या पोटातच पीएचपी चालू लागली. वेग वाढला, परंतु सर्व खातेदारांच्या आज्ञावल्या एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालू लागल्या. वाड्यातील सर्व बिऱ्हाडांच्या कुलपांना एकच किल्ली असावी, तसा हा प्रकार. शेजाऱ्याच्या सदोष आज्ञावलीतून आपल्या कोशाचा परवलीचा शब्द वाचला जाण्याचे भय त्यात आहे. 2010 साली पीएचपीत समाविष्ट झालेल्या एफपीएम व्यवस्थेत प्रत्येक खात्याची प्रक्रिया स्वतंत्र नावाने चालवता येते, आणि तयार प्रक्रिया पुनःपुन्हा वापरल्या जात असल्याने वेगही टिकतो. चालवता 'येते' एवढेच; प्रत्यक्षात तशी चालवतात काय, हे विचारूनच घ्यावे लागते.

मराठीपुरता प्रश्न याहून नाजूक आहे. 'कोल्हापूर' या शब्दात वाचकाला अक्षरे 4 दिसतात; युनिकोडच्या हिशेबाने घटक 9 आणि यूटीएफ-8 मध्ये बाइट 27 होतात. पीएचपीचे मूळ मोजमाप बाइटांचे आहे. 20 बाइटांवर हा शब्द छाटला तर सातवा घटकच फुटतो. ते टाळण्यास 'एमबीस्ट्रिंग' हा जोडभाग हवा. तसेच युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे येतो. आपल्या वर्णमालेत त्याचे स्थान ह नंतर. कोशाची अकारविल्हे राखण्यास 'इंटल' हा जोडभाग उपयोगी पडतो. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तिलाही एमबीस्ट्रिंग अनिवार्य आहे. पण विकिमीडियाची यंत्रे तिची स्वतःची. विभागाला मात्र दुसऱ्याने जोडून दिले तेवढेच लाभते.

म्हणून निविदेच्या तक्त्यात जागा आणि दर यांच्या शेजारी तीन रकाने वाढवावेत: आज्ञावली कोणाच्या नावाने चालते, जोडभाग कोणते, आवृत्ती कोणती. पीएचपी 7.4 चा अधिकृत आधार नोव्हेंबर 2022 मध्ये संपला आहे, हे तिसरा रकाना वाचताना ध्यानी असावे.