तिखटमिठाला शोभेल असा पेरू

आमच्या शाखेत साहित्यावर टीका करणारे तिघे आहेत आणि पेरूवर टीका करणारा मी एकटाच. साहित्यावर टीका करायला पुस्तक वाचावं लागत नाही, हे मी त्या तिघांकडे पाहून शिकलो. पेरूवर टीका करायला मात्र पेरू खावा लागतो. एवढा फरक सोडला तर दोन्ही धंदे सारखेच. अर्थात मी पडलो बी.कॉम., त्यामुळे माझं मत अजून कोणी विचारलेलं नाही.

दुपारी शाखेच्या दाराशी गाडी लागते. पेरूंचा ढीग, बाजूला डब्यात तिखटमीठ आणि हल्ली त्या डब्याला टेकवून ठेवलेली क्यूआर कोडची पाटी. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "गोड बघून दे." इथेच घोटाळा होतो. तिखटमीठ लावून खायचा पेरू नुसता गोड असून भागत नाही. पूर्ण पिकलेला पेरू कापताना गर सुरीलाच चिकटतो. त्यावर तिखटमीठ पडलं की ओलं होऊन त्याचा लगदा होतो. चेकवर एकावर एक दोन सह्या केल्या तर कशा दिसतील? तशी ती चव लागते, एकही ओळखू येत नाही. उलट करकरीत हिरवा पेरू घ्यावा तर तो तुरट. दात शिवशिवतात, घशात तोठरा बसतो आणि तिखटमीठ बिचारं सालीवरून घसरून शर्टावर पडतं.

तिखटमिठाला हवा मधला. गर्द हिरवा रंग फिका पडून पिवळसर झाक आलेली असावी, साल ताठ असावी. देठाजवळ अंगठ्याने दाबलं तर किंचित दबल्यासं वाटावं, खळगा पडू नये. वास हातात घेतल्यावर यावा. चार पावलांवरून आला तर तो पेरू कालचा समजावा. पेरू तोडल्यावरही पिकत राहतो. सोमवारचा कडक पेरू बुधवारी मध्यावर येतो आणि शुक्रवारी हातचा जातो. मुदत ठेव संपत आली की आम्ही निदान मेसेज तरी पाठवतो. पेरूची मुदत कोणी कळवत नाही.

आमचे एक सहकारी पेरू-तिखटमीठ हा अस्सल देशी मेवा आहे असं छातीठोक सांगतात. मी त्यांना हळूच सांगितलं, की पेरू मूळचा अमेरिका खंडातला आणि मिरचीही तिकडचीच. दोघांना इकडे आणलं पोर्तुगीजांनी. 'पेरू' हे नावसुद्धा त्यांच्या नासपतीच्या 'पेरा' या शब्दावरून पडलं. म्हणजे त्यातलं मीठ तेवढं आपलं. एका गावचे दोघे परमुलखात भेटावेत आणि यजमानाने मधे बसून ओळख करून द्यावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय बाजारात नाव घेतात 'लखनौ-४९' आणि त्या जातीची निवड झाली आमच्या पुण्याच्या गणेशखिंडीत! केवायसीला हा पेरू नापासच व्हायचा.

असो. आता तिखटमिठाबद्दल. मीठ कडवटपणा दाबतं आणि तो दबला की मुळातली गोडी वर येते. म्हणजे मीठ गोडी घालत नाही, असलेली दाखवतं. चांगल्या टीकेचं कामही याहून वेगळं नसावं. तिखट ही तर चवच नव्हे, ती जिभेची आग. टीकेतला हा भाग मात्र लेखकमंडळींना अधिक परिचयाचा असेल. काही गाडीवाले चाट मसाला भुरभुरवतात, त्याला माझा विरोध आहे. चाट मसाला म्हणजे बदलून आलेला अधिकारी. शाखा कुठलीही असो, परिपत्रक एकच. पेरू, काकडी, अननस, सगळ्यांची चव चाट मसाल्याची.

हे सारं शास्त्र मला अण्णांनी शिकवलं. फक्त अंगठ्याचा भाग सोडून. लहानपणी मंडईत मी पेरू दाबायला गेलो की ते हात धरायचे. "दाबू नकोस रे, पुढचं गिऱ्हाईक यायचंय." ते स्वतः पेरू नाकाशी नेत, क्षणभर डोळे मिटत आणि एक तर पिशवीत टाकत, नाही तर जसा होता तसा ठेवून देत.

गेल्या वर्षी अण्णांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी मीठ तोडलं. दातांची कवळी आधीच आली होती, त्यामुळे पेरूच्या बियांशीही वैर झालं. तेव्हा जन्मात प्रथमच मला तिखटमिठाशिवाय उभा राहील असा पेरू निवडायचा होता. मी चांगला पिकलेला, घरभर दरवळणारा आणला. बिया काढून फोडी दिल्या. अण्णांनी एक खाल्ली.

"गोड आहे," ते म्हणाले. मग बशी सरकवून म्हणाले, "पण काही बोलत नाही रे हा."

मी रात्रभर विचार केला. दुसऱ्या दिवशी मधला पेरू आणला. सौभाग्यवतीने बिया काढून नखाएवढ्या पातळ चकत्या केल्या. वर लिंबू पिळलं, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लाल तिखट. मीठ नाही. तिखटमिठावर एवढं व्याख्यान झोडणारा मी, आणि घरात मिठावाचून काम भागवत होतो. आम्ही दोघं, निकाल लागायच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे, बशीसमोर उभे.

अण्णांनी चकती तोंडात टाकली. बराच वेळ चघळली.

"मीठ हवं होतं," ते म्हणाले.

टीका रास्त होती. मला उत्तर सुचेना. तोवर त्यांनी दुसरी चकती उचलली होती, मग तिसरी. बशी रिकामी झाल्यावर त्यांनी कापायचा राहिलेला अर्धा पेरू हातात घेतला, उजेडात फिरवला आणि देठाजवळच्या डागावर बोट ठेवून विचारलं,

"दाबून आणलास ना?"