आकाश कुणाचं गेलं?

मुंबईचं आकाश टॉवरांनी खाल्लं, अशी हळहळ मराठीत फार लिहिली जाते. चाळ गेली, कौलं गेली, शेजार गेला. लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटतं, बाबा, सकाळी डबडं घेऊन संडासाच्या रांगेत तू कधी उभा होतास का?

आमच्या नगर जिल्ह्याच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) अकोले तालुक्यातले दया पवार. त्यांचं ‘बलुतं’ १९७८ सालचं. त्यातल्या कावाखान्यातून मुंबई दिसते ती खालून. तिथं इमारतींचं कौतुक नाही. चिंध्या-कागद वेचणाऱ्या बाया आहेत, एकमेकांना खेटून राहणारी बिऱ्हाडं आहेत. गावात गावकुसाबाहेर, शहरात तळाला. शहर कुठं उभं राहून बघायचं, ती जागाच या पुस्तकानं बदलली.

म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळकऱ्यांना ४० मजली इमारतींतल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा चाळीसाठी आम्ही गळा काढला नाही. १६० चौरस फुटांचे ५०० झाले, संडास घरात आला. चांगलंच झालं.

पण याच चाळींत जानेवारी १९७४ मध्ये दंगल पेटली. पाठोपाठ निघालेल्या पँथरच्या मोर्चावर इमारतीवरून दगड आला आणि भागवत जाधव शहीद झाले. वरून काय येतं, हे आम्हाला ठाऊक आहे. आता आपली माणसंही वर गेली. तिथून खालच्या कचरा वेचणाऱ्या बाईकडं ती कशी बघतील? चाळिसाव्या मजल्यावरचं ‘बलुतं’ अजून लिहायचं आहे. कुणीतरी खाली बघत लिहा.